शेवटच्या नळाचा मिस कॉल

रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, आत लांब चावी घालायची, चावीच्या वरच्या आडव्या दांड्याला कान लावायचा आणि मोकळा हात वर करून सगळ्या जगाला थांबवायचं, ही मामांची रोजची रीत. मागे उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत असो, शेजारी कुणी तक्रार घेऊन उभं असो, मामा एवढंच म्हणायचे, “गप. बोलतंय.”

पाणी बोलतंय, असा त्याचा अर्थ. पाइपातून पाणी कसं चाललंय, दाबानं की रडतखडत, कुठं गळतंय का, हे त्यांना लोखंडातून ऐकू यायचं.

तुमच्याही गल्लीत असा चावीवाला येत असेल. सकाळी येतो, वाकतो, फिरवतो, जातो. नळाला पाणी आलं की आपण बादलीकडं बघतो, त्याच्याकडं बघत नाही. मीही बघितलं नसतं. पण माझी पहिली नोकरीच मामांच्या खात्यात लागली. सगळं खातं त्यांना मामाच म्हणायचं.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, तीही कॉम्प्युटरची. कोल्हापूरच्या कडेच्या बारा वसाहतींना पाणी देणाऱ्या एका योजनेत मला कंत्राटावर ऑपरेटरची जागा मिळाली तेव्हा वडिलांनी सगळ्या शेडला पेढे वाटले होते. योजनेचं नाव सांगत नाही. आपल्याकडं ज्याच्या घरी चोरी होते त्यालाच तोंड लपवावं लागतं.

मामांनी माझं नाव कधी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मी “ग्रॅज्वेट”. “काय ग्रॅज्वेट, जेवलीस काय?” “ग्रॅज्वेट, जरा ह्यो फोन बग की, आवाज कमी यायलाय.” त्यात टोमणा होता, आणि थोडा अभिमानही होता, असं मला आता वाटतं.

तो फोन म्हणजे बटणांचा जुना डबा, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. त्यात बारा नंबर होते. प्रत्येक वसाहतीत पाइप जिथं संपतो, त्या शेवटच्या घरातल्या बाईचा नंबर. पाणी आलं की त्या बाईनं एक रिंग द्यायची आणि कट करायचं. उचलायचं नाही, बोलायचं नाही, पैसे घालवायचे नाहीत. सकाळी सहा ते आठ मामांचा खिसा वाजत राहायचा आणि ते मनातल्या मनात मोजत राहायचे. नंबरांना नावं मीच घालून दिली होती, त्यांनी सांगितली तशी: पिंपळ, डेअरी, चक्की, पोल्ट्री, चढ. ‘चढ’ म्हणजे टेकडीवरच्या वसाहतीतल्या आक्का. सीमेकडच्या, निम्मं कानडी बोलणाऱ्या. त्या मामांना अण्णा म्हणायच्या. बारांतली सगळ्यात उशिरा येणारी रिंग त्यांची.

आमच्या कंट्रोल रूमला मोठा स्क्रीन आल्यावर नवे इंजिनिअर या मिस कॉलना हसायचे. टाकीत सेन्सर होते, मुख्य व्हॉल्व्हना मोटर होत्या, पाणी किती फुटांवर आहे ते खुर्चीत बसून दिसायचं. एकदा एकानं विचारलंच, “मामा, टाकी भरलेली इथं दिसते की. बायकांना कशाला त्रास?”

मामा म्हणाले, “टाकी भरली म्हंजे पाणी पोचलं असं न्हाय, साहेब. शेवटच्या नळाला आलं की पोचलं.”

तो हसला. खरं सांगायचं तर मीही हसले होते.

मग तो सोमवार उजाडला.

सकाळचं पाणी सुटून गेल्यावर मी साडेआठला पोचले तर स्क्रीन काळा आणि त्यावर लाल इंग्रजी अक्षरं. तुमच्या सगळ्या फाईली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे द्या. खाली एक घड्याळ उलटं धावत होतं. घड्याळ संपलं की फाईली कायमच्या गेल्या, असं लिहिलं होतं. ज्याला रॅन्समवेअर म्हणतात ते आमच्याकडं आलं होतं. नंतर कळलं, दुरुस्तीसाठी बाहेरून आत यायची जी वाट स्क्रीन बसवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसानं ठेवली होती, तिचा पासवर्ड शेंबड्या पोरालाही सुचेल असा होता.

प्रशिक्षणात एक गोष्ट डोक्यात बसली होती: मशीन बंद करू नका, आधी नेटवर्कच्या वायरी काढा. मी टेबलाखाली शिरून एकेक वायर उपटत होते तेवढ्यात मामा चहाला आले.

“काय हुडकाय लागलीस?”

“मामा, कुणीतरी आपल्या कॉम्प्युटरना कुलूप लावलंय. टाकी दिसत नाही, मोटरचे व्हॉल्व्ह इथून हलत नाहीत.”

“कोण म्हणायचं ते?”

“माहीत नाही. कुठल्या देशात बसलेत तेही माहीत नाही.”

“आणि त्यास्नी आपला व्हॉल कुठं हाय ते ठावं हाय?”

“नाही हो. त्यांना फक्त पैसे पाहिजेत.”

मामांनी स्क्रीनकडं बघितलं, उलट्या घड्याळाकडं बघितलं. मग विचारलं, “पाण्याला बी लावलंय काय कुलूप?”

“नाही.”

“मग भाईर ये, च्या घे, आणि चल.”

आमचे उपअभियंता साहेब शांत माणूस. त्यांनी सायबर पोलिसांना कळवलं, पुण्याहून एका तज्ज्ञाला बोलावलं. तज्ज्ञ दुपारी आले, सगळ्या मशीन तपासल्या आणि म्हणाले की एक जुनी प्रत कपाटातल्या डिस्कवर सुखरूप आहे. ती वायरला जोडलेली नव्हती म्हणून वाचली. पण प्रत्येक मशीन पुसून, नव्यानं भरून, तपासून चालू करायला पाच दिवस लागतील. शनिवारी सकाळी स्क्रीन परत मिळेल.

पाणी समितीचे एक सदस्य खुर्चीतून उठलेच. “पाच दिवस? लोक आमच्या दारात घागरी फोडतील. देऊन टाका पैसे आणि मिटवा.”

तज्ज्ञ म्हणाले, “दिले तरी किल्ली मिळेलच असं नाही. आणि तुम्ही पैसे देता असं एकदा कळलं की ते पुन्हा येणार.”

“मग पाणी कोण देणार? तुम्ही?”

साहेबांनी दाराकडं बघितलं. मामा दाराशी चप्पल हातात घेऊन उभे होते. आत एसीच्या खोलीत चप्पल घालून येत नसत.

“मामा, पाच दिवस हातानं चालवाल?”

“साहेब, स्क्रीन यायच्या आदी पंचवीस वर्सं कशानं चालवत हुतो?”

सदस्य म्हणाले, “बरं. पण एका जरी वसाहतीचं पाणी चुकलं, तर त्याच दिवशी मी बैठक लावणार आणि पैसे द्यायचा ठराव घेणार. मग मला अडवायचं नाही.”

असा सौदा ठरला. पाच दिवस, बारा वसाहती, एकही सकाळ चुकवायची नाही.

त्यानंतरचे दिवस मला आजही आठवले की अंगात वीज खेळते. आयुष्यात परीक्षेच्या निकालालाही माझं काळीज एवढं उडालं नव्हतं. पंपांचं पॅनेल हातावर घेतलं. टाकीवरची पातळी दाखवणारी जुनी पट्टी सेन्सर आल्यापासून मोडून पडली होती. मामांनी नायलॉनची दोरी, पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन आणि एक वीट एवढ्यावर ती परत उभी केली. पाणी वर गेलं की वीट खाली येणार. तज्ज्ञ मान वर करून बघतच राहिले.

मामा म्हणाले, “पावणं, ह्याला अपडेट लागत न्हाय.”

शेजारच्या योजनेतून दोन चावीवाले उसने आणले. मी डिस्कवरच्या जुन्या प्रतीतून व्हॉल्व्हचा तक्ता छापून काढला: कुठला व्हॉल्व्ह, किती वाजता, किती फेरे. आणि मामांनी आपला रबर बांधलेला फोन माझ्या हातात ठेवला.

“आता तू बस ह्याच्यापाशी. मी टाकीवर हाय. रिंग आली की हितल्या वॉचमनच्या फोनवर मला सांग.”

साहेबांनी कपाटामागून योजनेचा कागदी नकाशा शोधून काढला. मी तो भिंतीला लावला. रिंग आली की खूण करायला काही हाताशी नव्हतं, तेव्हा मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. मंगळवारी सहा वाजून काही मिनिटांनी फोन एकदा वाजून बंद पडला. पिंपळ. मी नकाशावर लाल टिकली लावली. मग डेअरी. मग चक्की. साहेब चहाचा कप तसाच धरून भिंतीकडं बघत उभे. आठला पाच कमी असताना चढ वाजला, बारावी टिकली लागली आणि आम्ही सगळे, पुण्याच्या पावण्यांसकट, ओरडलो. बुधवारीही बारा.

त्या दोन दिवसांत मला वडील फार आठवले. चाळीस माग धडधडत असताना कुठला बिघडणार ते त्यांना आवाजावरून कळायचं. मी शिकले म्हणून ते मला हुशार समजायचे. त्यांच्या कानाला कुणी कधी पदवी दिली नाही.

गुरुवारी अकरा टिकल्या लागल्या. आठ वाजले, सव्वाआठ वाजले. चढ वाजला नाही.

मी आक्कांना फोन लावला. “आक्का, पाणी?”

“इल्ल गं. थेंब न्हाय. लोकं जमल्यात हितं. अण्णा कुठं हाय?”

पाच मिनिटांत सदस्यांचा फोन साहेबांना. दहाला बैठक. साहेबांनी मला गाडीत घातलं.

टेकडीच्या पायथ्याला वडाखाली त्या वसाहतीचा व्हॉल्व्ह आहे. उसने आणलेले चावीवाले घामाघूम होऊन उभे होते. आदले दोन दिवस हा व्हॉल्व्ह मामांनी स्वतः उघडला होता, आज मात्र टाकीची वीट हलेना म्हणून ते तिथं अडकले होते. या दोघांनी माझ्या तक्त्यात लिहिल्याप्रमाणं डावीकडं फिरवलं, पूर्ण ताकदीनं. आता व्हॉल्व्ह ना इकडं हलत होता ना तिकडं. भोवती रिकाम्या घागरी, आणि घागरींमागं माणसं.

मी टाकीवरच्या वॉचमनच्या फोनवर मामांना गाठलं. वडाचं नाव काढल्याबरोबर ते म्हणाले, “तो डावखुरा हाय, पोरी. तुला सांगितलं न्हवतं व्हय?”

सांगितलं होतं. मला त्या क्षणी सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी मी तक्ता भरत होते आणि मामा समोर बसून एकेका व्हॉल्व्हचं चरित्र सांगत होते. “बाकी समदे डावीकडं उगडत्यात, ह्यो एकटा उजवीकडं. जुना हाय, डावखुरा.” त्या तक्त्यात असं लिहायला रकाना नव्हता. शेऱ्याच्या जागेत मावत नव्हतं. रोज तर मामाच उघडतात, मग काय बिघडतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. उघडायला म्हणून त्या दोघांनी व्हॉल्व्ह गच्च बंद केला होता, आणि तो माझ्या कागदानं केला होता.

मामा त्यांच्या लुनावरून आले तेव्हा सव्वानऊ झाले होते. तालमीतला एक पैलवान शर्टाच्या बाह्या वर करून चावीला भिडला होता. मामांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

“पैलवान, कुस्ती न्हाय ही. दांडा तुटला तर रस्ता खणाय लागंल. मग पाच दिवस न्हाय, पंधरा दिवस घागरी घिऊन बसा.”

“मग लवकर करा की! का दहाला बैठक झाल्यावर?”

“करतो की. तू आदी बाजूला हो, तुझी सावली पडायल्या.”

लोक हसले. त्या हसण्यानं थोडा वेळ मिळाला. मी पुढं होऊन म्हणाले, “मामा, चूक माझी आहे.” त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते गुडघ्यावर बसले, दांड्याला कान लावला, हात वर केला.

“गप. बोलतंय.”

आणि तेवढी माणसं खरंच गप्प झाली.

मामांनी चावी पाव फेरा उजवीकडं रेटली. हलली नाही. परत डावीकडं, केसभर. परत उजवीकडं. जोर कुठंच नाही, रुसलेल्या पोराला कुरवाळावं तसं. मध्येच पुटपुटले, “उलटा पिळला बाबा तुला, कळलं मला.” पंधरा मिनिटं असं चाललं. साहेब घड्याळ बघत होते. माझ्या हातातला फोन घामानं ओला झाला होता. मग खालून कर्र असा आवाज आला, मामांचे खांदे सैल झाले, आणि चावी फिरली. उजवीकडं. एक, दोन, तीन... सगळा घोळका फेरे मोजायला लागला, मैदानात मोजतात तसा, पैलवानाचा आवाज सगळ्यात मोठा. अठ्ठावीस फेऱ्यांना मामा थांबले आणि पुन्हा कान लावला.

“चाललं वर.”

पण पाणी टेकडी चढायला वेळ लागतो. कुणी हललं नाही. साहेबांचा फोन वाजत होता, सदस्य असणार. त्यांनी उचलला नाही. दहाला आठ मिनिटं कमी असताना माझ्या हातातला तो डबा एकदा थरथरला आणि बंद पडला.

चढ.

मी रडत होते आणि हसत होते. पैलवानानं मामांना उचललं. मामा वरून ओरडत होते, “आरं चावी! चावी सोडू नगा तिथं!”

पाणी पोचलं म्हणून दहाची बैठक रद्द झाली. दुपारी मी साहेबांना डावखुऱ्या व्हॉल्व्हची चूक लेखी दिली. नोकरी जाईल असं वाटत होतं. मामा तिथंच होते. म्हणाले, “साहेब, कागदात रकानाच न्हवता. ग्रॅज्वेट लिवणार कुठं?” ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी पुन्हा बारा टिकल्या लागल्या. शनिवारी स्क्रीन उजळला. एक पैसाही गेला नाही. तज्ज्ञांनी सगळे पासवर्ड बदलले, बाहेरून यायची वाट बंद केली. दर महिन्यात एक सकाळ स्क्रीन मुद्दाम बंद ठेवून हातानं पाणी सोडायचं, असा नियम त्यांनीच लिहून दिला. जाताना त्यांनी एक मागणी केली. बारा बायकांची यादी संकटकाळच्या कागदपत्रांत पहिल्या पानावर पाहिजे. मामांनी विचारलं, “पावणं, पुण्यात मिस कॉल देत न्हाईत व्हय?”

नव्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला. त्याचं नाव ‘मामा काय म्हणतात’ असं ठेवलं. साहेबांनी खोडलं नाही. पुढचे तीन महिने मामा रोज दुपारी माझ्यासमोर बसले आणि मी सगळं लिहून घेतलं: कुठला व्हॉल्व्ह सोमवारी जड जातो, कुठल्या झाकणाखाली विंचू असतो, कुठं मंडळाचा मांडव पडला की चावी घालायला जागा राहत नाही. मावेना तेव्हा रकाना रुंद केला.

मग ते निवृत्त झाले. सत्काराला फेटा बांधून घेतला, भाषण केलं नाही. जाताना फोन माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, “मामा, हा तुमचा आहे.”

“माझा कसला? आत नंबर त्या बायकांचं हायत. चार्जिंग तेवढं करत जा.”

गेल्या वर्षी एका सकाळी, मी कामावर निघताना, त्यांच्या मुलीचा फोन आला. मामा झोपेतच गेले होते. मी तशीच कंट्रोल रूमला आले. स्क्रीन नेहमीसारखा हिरवा होता. फोन चार्जरला लावलेला होता. बारा बायकांना कळवावं असं मनात आलं, पण पहिलीचा नंबर काढेपर्यंत तो वाजला. पिंपळ. मग डेअरी, चक्की, पोल्ट्री. मी पर्स उघडली आणि भिंतीवर अजून तसाच असलेल्या त्या नकाशावर एकेक टिकली लावत गेले. अकरा झाल्या.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. खोलीत इंजिनिअर मोठ्यानं बोलत होते. मी हात वर केला आणि ते थांबले.

आठला पाच कमी असताना फोन एकदा वाजला आणि बंद पडला.